दिवे गेल्याचा प्रसंग

शहरातल्या जुन्या नाट्यगृहाच्या दर्शनी भागात, आत शिरताना डाव्या हाताला, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राच्या वर भिंतीत, आता काळ्या दगडाची एक पाटी बसवलेली आहे. तिच्यावर कोरलेला मजकूर एकोणीस ओळींचा असून तो संपूर्णपणे माझा आहे. 'उपरोक्त विषयान्वये' हे माझे आरंभीचे दोन शब्द तेवढे कोरणाऱ्यांनी गाळले, त्यामुळे पहिले वाक्य लंगडे झाले आहे. बाकी स्वल्पविरामासकट सारे जसेच्या तसे आहे. खाली नाव मात्र दुसऱ्याचे आहे. याबाबत मी कोणाकडेही तक्रार केलेली नाही. तक्रारी लिहिणे हा माझा व्यवसाय असल्याने कोणती तक्रार टिकते व कोणती टिकत नाही, हे मला इतरांपेक्षा अधिक कळते. तरी जे घडले ते क्रमवार नोंदवून ठेवणे इष्ट वाटते.

मी अर्जलेखक आहे. शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढे बीजगणित व इंग्रजी या दोन विषयांनी मला जाऊ दिले नाही. मराठीत मात्र माझ्या बरोबरीचा वर्गात कोणी नव्हता, हे त्या वेळच्या गुरुजींनीही मान्य केले होते. आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला, गुलाबाचा व शेवंतीचा. फुले मला कधी जमली नाहीत. बाविसाव्या वर्षी नाट्यगृहाच्या फाटकासमोरच्या कडुनिंबाखाली टेबल मांडले, ते आज सत्तावीस वर्षे तिथेच आहे. कचेऱ्या तिथून हाकेवर. देवळ्याहून बांधाचा वाद घेऊन येणारा कांदेवाला, सातपूरच्या कारखान्यातून अचानक कमी केलेला फिटर, नांदगावहून वारसनोंदीसाठी तिसऱ्यांदा परत पाठवलेली बाई, असे नाना लोक माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून गेले. त्यांना जे सांगता येत नाही ते मी सांगतो. अर्जात 'मी' म्हणून जो बोलतो तो अर्जदार. सही अथवा अंगठा त्याचा. लिहिणाऱ्याचे नाव कोठेही येत नाही. हा धंद्याचा रिवाज आहे आणि तो मी कधी मोडलेला नाही. त्याचप्रमाणे ज्याचा अर्ज आपण लिहिला त्याला साक्षीदार म्हणून आपण सही करायची नाही, हाही रिवाज आहे. एकाच हाताने लिहायचे आणि त्याच हाताने खरे म्हणायचे, हे कोणत्याही कार्यालयात चालत नाही.

नाट्यगृहाचा इतिहास मला ठाऊक आहे तो बाहेरच्या बाजूने. कारण त्या वास्तूचेही अर्ज माझ्याच टेबलावर लिहिले जात. व्यवस्थापक बदलत गेले, टेबल बदलले नाही. छपरातून रंगमंचावर पाणी पडते म्हणून अर्ज. पारव्यांनी झुंबरात घरटी केली म्हणून अर्ज. समोरच्या रिक्षांच्या भोंग्यांमुळे गाण्याच्या कार्यक्रमात व्यत्यय येतो म्हणून अर्ज. ध्वनिक्षेपकाच्या परवानगीचे तर किती लिहिले त्याची गणती नाही. जुन्या कागदांचे संदर्भ द्यावे लागत, त्यामुळे मागची कागदपत्रे वाचली. धान्याच्या एका गाणेवेड्या व्यापाऱ्याने आधी नुसता पत्र्याचा मांडव घातला, त्याला पुढे विटांच्या भिंती दिल्या. नाटक मंडळ्या महिना महिना मुक्कामाला असत व त्यांची चूल मागल्या अंगणात पेटे. स्त्रियांसाठी वेगळा जिना आणि वर बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा होता. मध्यंतरी काही वर्षे तिथे सिनेमा चालला. मग पुन्हा नाटके आली, मैफली आल्या, दिवाळीच्या पहाटेची गाणी सुरू झाली. उतरत्या काळात परीक्षा, लग्ने आणि एकदा मतमोजणीसुद्धा झाली. ही सर्व हकिकत मी ज्या क्रमाने सांगितली त्या क्रमाने ती सांगणारा शहरात दुसरा कोणी नव्हता.

असे असूनही मी सभागृहात कधी बसलो नाही. कार्यालयात गेलो, व्हरांड्यात थांबलो, पण खुर्चीत बसलो नाही. लोक विचारतील, तिकीट काढून जाता आले असते. आले असते. परंतु ज्या वास्तूचे अर्ज आपण लिहितो तिच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहणे मला प्रशस्त वाटले नाही. एखाद्या व्यवस्थापकाने मानाची प्रवेशिका पाठवावी, अशी माझी अपेक्षा होती. सत्तावीस वर्षांत एकालाही ते सुचले नाही. बाहेर टेबलावर बसून मी टाळ्या ऐकल्या. टाळ्यांवरून आत कोण गात असावे याचा अंदाज मला येऊ लागला होता. मात्र प्रत्यक्ष गाणे भिंतीतून नीट येत नसे, तबला तेवढा येई.

आणि रोज माझ्या डोळ्यांसमोर, मागच्या दाराने, एक मनुष्य फुकट आत जात असे.

तो पडदा ओढणारा. सगळे त्याला मामा म्हणत, मीही म्हणे. मूळचा नांदगावकडचा, दुसरी की तिसरी शिकलेला, ठेंगणा, हाताच्या तळव्यांना दोरीने पडलेले घट्टे. त्याची जागा रंगमंचाच्या उजव्या विंगेत, दोरीच्या खुंट्याशेजारी. गवयापासून आठ-दहा हात. ज्या थोरामोठ्यांना पाहायला लोक ओझर-सिन्नरहून येत, त्यांच्या घशातली शीर हलताना मामाला दिसत असे. आणि त्याला त्याचे काही नव्हते. मैफल संपल्यावर तो चहाला माझ्या टेबलाशी येई, तेव्हा मी मुद्दाम विचारी.

"मामा, आज काय गायले?"

"गायले की. लय वेळ गायले."

"पण काय? कोणता राग?"

"ते मला काय ठावं, भाऊसाहेब. मी तर डुलकी काढली. तबलजी थांबला की मला जाग येती."

माझ्या मनात तेव्हा जे येई त्याला योग्य शब्द असूया हाच आहे. भुकेल्या माणसासमोर कोणी ताट अर्धे टाकून उठावे, तसे ते मला वाटे. त्याच्या त्या निजेचाही मला हेवा वाटत असे, कारण ती निजदेखील आतली होती.

पुढे नाट्यगृह धोकादायक ठरवून बंद करण्यात आले. फाटकाला कुलूप लागले. जागेवर वाहनतळ होणार असे बोलले जाऊ लागले. मामाने पंधरा दिवस वाट पाहिली आणि एके दिवशी दुपारी माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसला. इतकी वर्षे तो उभ्यानेच चहा घेत असे, स्टुलावर प्रथमच बसला.

"भाऊसाहेब, मला एक अर्ज पायजे. माझी नोकरी ऱ्हाऊ द्या म्हणावं. दुसरीकडं कुठं बी लावा, पर ऱ्हाऊ द्या."

त्याने मागितले होते एवढेच. पण मी कागद घेतला आणि मला वाटले, संधी आहे. विषयाच्या रकान्यात मी नोकरी लिहिली नाही. 'नाट्यगृह जमीनदोस्त न करणेबाबत' असे लिहिले. अर्जदार मामाच. पत्र्याच्या मांडवापासून आरंभ केला. मागल्या अंगणातली चूल लिहिली, स्त्रियांचा जिना लिहिला. हे सर्व 'माझ्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे' असे मामाच्या तोंडी घातले. वास्तविक मामाच्या वडिलांनी नाशिक पाहिले होते की नाही, मला माहीत नाही.

आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. अर्जात एक प्रसंग घालावा लागतो. नुसती विनंती अधिकाऱ्याच्या ध्यानात राहत नाही; शंभर कागदांत एक कागद बाजूला काढून ठेवावा असे त्याला वाटायला हवे, तर त्यात घडलेली एखादी गोष्ट लागते. म्हातारी पावसात तीन तास उभी होती, अशा स्वरूपाची. ती शक्यतो अर्जदाराकडून घ्यायची; त्याच्याकडे नसेल तर आपण पुरवायची. मी मामाला विचारले, "तुमच्या इतक्या वर्षांत एखादा न विसरण्यासारखा प्रसंग?"

त्याने बराच विचार केला. "एकदा दोरी तुटली हुती," तो म्हणाला.

दोरी उपयोगाची नव्हती. म्हणून मी लिहिले:

'सुमारे तीसेक वर्षांपूर्वी एका सायंकाळी एक थोर गायक गात असता दिवे गेले. ध्वनिक्षेपक बंद पडला. सभागृह तुडुंब भरलेले होते, परंतु त्या काळोखात एकाही रसिकाने काडी ओढली नाही की जागा सोडली नाही. गायन चालू राहिले व अखेरच्या रांगेपर्यंत ऐकू आले. मी पडद्याची दोरी हाती धरून जागच्या जागी उभा होतो. पुष्कळ वेळाने दिवे आले तेव्हा दिसले की, गायकांचे डोळे मिटलेले आहेत. दिवे गेल्याचे त्यांना कळलेच नव्हते. ज्या वास्तूत असे घडू शकते ती वास्तू पाडण्यापूर्वी, महोदय, एकदा तिच्यात काळोखात बसून पाहावे, ही नम्र विनंती.'

तीस वर्षे मी जाणीवपूर्वक लिहिली. त्या काळचा कोणी अधिकारी आज हयात वा हजर असण्याचा संभव कमी असतो.

मामाने सही केली. नावाची तीन अक्षरे, तिसरे ओळीच्या खाली घसरलेले. मूळ प्रत गेली, कार्बन प्रत माझ्याकडे राहिली.

त्या अर्जाचे काय झाले ते नाशकात सर्वांना ठाऊक आहे. तो कोणीतरी वर्तमानपत्राला दिला. वर्तमानपत्राने चौकटीत छापला, सोबत मामाचे छायाचित्र. गाणे शिकवणाऱ्या बाया, हौशी नाटकवाले, निवृत्त मास्तर, सगळे जागे झाले, समिती झाली, एक बडे अधिकारी म्हणे खरोखरच दुपारी दारे लावून सभागृहात काळोखात बसून आले. वाहनतळाचा बेत मागे पडला आणि दुरुस्ती मंजूर झाली. कॉलेजातली मुले मामाला भेटायला माझ्या टेबलापर्यंत येत आणि मला विचारत, "काका, ते पडदेवाले आजोबा कुठे बसतात?" मी बोटाने दाखवी. एकाने तर जाता जाता मला म्हटले, "काय भाषा आहे हो त्यांची. दुसरी शिकलेला माणूस." त्या दिवशी मी पुढचे तीन अर्ज चुकवले, एकात तर तालुकाच दुसरा लिहिला.

घरी मी सौभाग्यवतीजवळ बोललो. ती दळण निवडत होती.

"अहो, तुम्ही आत कधी गेला होता का?" तिने विचारले.

"प्रश्न आत जाण्याचा नाही. लिहिण्याचा आहे."

"तेच म्हणते. ते आत होते. तुम्ही बाहेर होता. मग लोक कोणाला विचारतील?"

"प्रसंग मी रचला आहे."

"मग सांगा ना तसं जाऊन," ती म्हणाली आणि खडा बाजूला टाकला. "सांगा, खोटं मी लिहिलंय म्हणून."

माझी अडचण तिने चार शब्दांत मांडली. मजकूर माझा आहे हे सिद्ध करायचे तर प्रसंग घडलाच नाही, हे आधी सिद्ध करावे लागत होते. आणि प्रसंग घडला नाही असे ठरले, तर मजकुराला कोण विचारतो.

दुरुस्ती पुरी झाली. पाटी बसली. नाट्यगृह पुन्हा उघडण्याचा समारंभ रविवारी सकाळी ठरला. मामाच्या हस्ते पडदा उघडणे, मामाचा सत्कार, मग मामाचे पाच मिनिटांचे मनोगत. आदल्या आठवड्यात मामा पुन्हा स्टुलावर येऊन बसला. नवी टोपी घातली होती. ती त्याला शोभत होती, याचेही मला बरे वाटले नाही.

"भाऊसाहेब, पाच मिंटं बोला म्हणत्यात. लिहून द्या. बारीकच द्या, लय मोठं मला वाचता येत नाय."

मी लेखणीचे टोपण काढले, पण लिहायला सुरुवात केली नाही. बरेच दिवस मनात होते ते विचारले.

"मामा, त्या दिवशी खरोखर काय झाले होते?"

"कंच्या दिवशी?"

"दिवे गेले त्या."

"दिवे तर सारखंच जायचं." मामाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "गवई थांबायचं. पेटीवाला म्हणायचा, चहा सांगा. लोकं टाळ्या पिटायची, वरून शिट्ट्या. अर्धी उठून चिवडा खायला जायची. मी बी जायचो. एकदा दिवं आलं तर मी हिथं तुमच्या टेबलाशी, आन् तिकडं पडदा उघडा, गवई पान लावतोय. सायबानं लय झापलं."

"मग सगळ्यांना तुम्ही ते डोळे मिटल्याचे कसे सांगता?"

"तुमचं चांगलं हाय म्हणून सांगतो. ऐकताना माणसाचं तोंड बघा की भाऊसाहेब, कसं होतं. माझं खरं कोण ऐकंल?" त्याने गुडघ्यावरची टोपी फिरवली. "आन् आता मला बी तसंच दिसतंय. डोळं मिटल्यालं. त्यो चेहरा पण दिसतोय. फकस्त मधलं इसरतंय. काडी आधी, का ध्वनिक्षेपक आधी?"

"आधी ध्वनिक्षेपक," मी म्हणालो.

"हां. आधी ध्वनिक्षेपक."

तो चेहरा दिसतो असे त्याने म्हटले तेव्हा मला जे वाटले ते कोणत्याही रकान्यात बसत नाही. कारण तो चेहरा गवयाचा नाही. माझे वडील दुपारपासून मळ्यातल्या खोपटात शेवंतीचे हार ओवीत बसत. संध्याकाळी वीज जाई, भारनियमनाचे दिवस होते. आई ओरडे, अहो, कंदील लावा. वडिलांना पत्ताच नसे. त्यांचे डोळे मिटलेले, बोटे चाललेली, सुई एकदाही चुकलेली मी पाहिली नाही. दिवे आले की डोळे उघडून विचारत, काय गं, हाक मारलीस का? मला त्यातले काही आले नाही. बोटांतून रक्त यायचे नि फुले तुटायची. त्यांच्या हाताखाली माझा धाकटा भाऊ बसला, मी बसलो नाही. ते गेल्यावर कोठेही त्यांचे नाव लागले नाही, फूल ओवणाऱ्याचे लागतही नाही. मी ते मिटलेले डोळे उचलून एका परक्या गवयाला लावले, आणि आता ते दगडात कोरले गेले होते, खाली मामाचे नाव.

मनोगत मी लिहून दिले. अक्षर मोठे काढले. शेवटच्या वाक्यावर चार वेळा काम केले. पहिल्या खर्ड्यात माझे संपूर्ण नाव आणि टेबलाचा पत्ता होता. तो जरा अधिक वाटला. अखेरीस असे ठेवले: 'सदर अर्ज मला नाट्यगृहासमोरील अर्जलेखकांनी शब्दशः लिहून दिला, त्यांचा मी कायमचा ऋणी आहे.' मामाकडून ते वाक्य मी दोनदा वाचून घेतले. 'शब्दशः'वर तो अडखळत होता, पण मी ते काढले नाही.

रविवारी मला प्रवेशिका मिळाली ती मामाकडूनच. तिच्यावर छापले होते, 'कुटुंबीय'.

आयुष्यात प्रथमच मी त्या सभागृहात खुर्चीवर बसलो. पंधरावी रांग, खांबाआड. खांबाच्या अलीकडून अर्धा रंगमंच दिसत होता. नव्या पडद्याला दोरी नव्हती, बटण होते. मामाला बटणापाशी नेले. त्याने आधी वर पाहिले, दोरी शोधली, मग एका बोटाने बटण दाबले. पडदा आपोआप सरकला आणि मामा आपल्या रिकाम्या तळव्यांकडे पाहत राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आतून त्या टाळ्या वेगळ्या ऐकू येतात, एवढे माझ्या लक्षात आले.

मग तो बोलायला उभा राहिला. माझा कागद त्याने खिशातून काढला, चष्मा काढला, चष्मा लावला, आणि कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला.

"मला वाचता येत नाय धड," तो म्हणाला. "पर पाठ हाय."

आणि त्याने माझी वाक्ये म्हटली. 'ध्वनिक्षेपक बंद पडला. सभागृह तुडुंब भरलेले होते.' तोंड नांदगावचे, वाक्ये माझी. काडी योग्य जागी आली. पण मधेच तो थांबला आणि लिहिलेले नव्हते ते बोलला.

"माझ्या हातात दोरी हुती. पडदा लय जड. हाताला घाम सुटला हुता, दोरी सरकत हुती. सोडली असती तर पडदा खाली आला असता आन् गाणं थांबलं असतं. म्हणून सोडली नाय. मला गाणं कळत नाय, पर दोरी नाय सोडली."

माझ्या शेजारच्या माणसाने डोळे पुसले. ते माझ्या मजकुरापेक्षा सरस होते. सत्तावीस वर्षे अर्जांत प्रसंग घालत आलो, पण दोरीचे वजन मला सुचले नव्हते. 'एकदा दोरी तुटली' हे त्याने मला सांगितले होते आणि मी ते निरुपयोगी म्हणून टाकले होते.

मिटलेल्या डोळ्यांशी येऊन तो थांबला, हात जोडले आणि खाली बसला. शेवटचे वाक्य त्याच्या खिशातच राहिले.

टाळ्या विरल्यावर पुढच्या रांगांतून एक वयस्कर बाई उठल्या. पांढरे केस, खणाचा काठ असलेली साडी, हातात काठी. त्यांना कोणी बोलायला सांगितले नव्हते.

"मी होते त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेत. माझे यजमान सोबत होते. त्यांनी माझा हात धरला होता. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती, चारचौघांत त्यांनी हात धरल्याचं तेवढंच एकदा."

पुन्हा टाळ्या. मला त्या बाईंचाही हेवा वाटला, हे मी लपवत नाही. त्यांना माझ्या मजकुरात तिसऱ्या रांगेत जागा मिळाली होती, हातात यजमानांचा हात मिळाला होता. मला खांब मिळाला होता.

कार्यक्रमानंतर पाटीशेजारी एक टेबल मांडलेले होते. समितीच्या चिटणीस मॅडम एक जाड बांधीव वही उघडून बसल्या होत्या.

"ही वही काचेच्या कपाटात कायमची राहणार आहे," त्या सर्वांना सांगत होत्या. "त्या मैफलीला जे स्वतः हजर होते त्यांनी नाव, रांग आणि खुर्ची क्रमांक लिहून सही करावी. इतिहासाला साक्षीदार हवेत."

वहीत एकच नोंद झाली होती. त्या बाईंची. रांग तिसरी, खुर्ची अकरा.

माझ्या सदऱ्याच्या आतल्या खिशात कार्बन प्रत होती. चार घड्या, कडा काळ्या पडलेल्या, तळाशी 'लिहिणार' म्हणून माझी लघुस्वाक्षरी. ही एक सवय मी सुरुवातीपासून ठेवली होती, माझ्या प्रतीवर, कोणी पाहणार नाही अशी. ती प्रत त्या टेबलावर ठेवायची, एवढेच करायचे होते. मी बोटांनी ती चाचपली देखील. पाटी उतरली असती. मामा टोपी काढून बाजूला झाला असता. बाईंनी काठी उचलली असती. आणि ते मिटलेले डोळे कोणाचेच राहिले नसते.

"भाऊसाहेब," मामा गर्दीतून म्हणाला. गळ्यात सत्काराचा हार, शेवंतीचा. "तुमी बी करा की सही. तुमाला तर माझ्यापरीस जास्त ठावं हाय."

"तुम्ही होतात त्या दिवशी?" मॅडमनी विचारले आणि लेखणी पुढे केली.

धंद्याचा रिवाज मला माहीत होता. मजकुरातल्या त्या वर्षी मी अठरा-एकोणीस वर्षांचा होतो, माझे टेबलही नव्हते. वयाचा हिशेब जुळत होता. लेखणी हातात आली की माझे अक्षर आपोआप चांगले येते. मी माझे संपूर्ण नाव लिहिले, वडिलांच्या नावासकट, एकही अक्षर न गाळता. त्या वास्तूत माझे नाव प्रथमच लिहिले गेले, आणि वडिलांचेही. रकाना आला, रांग. बाईंची तिसरी होती. मी दुसरी लिहिली. खुर्ची, अकरा. सही केली.

बाई शेजारीच होत्या. त्यांनी चष्मा खाली ओढून माझी नोंद वाचली, मग माझ्याकडे पाहिले, खालपासून वरपर्यंत.

"दुसरी रांग, अकरा," त्या म्हणाल्या. "म्हणजे बरोबर माझ्या पुढे. तुम्हीच होय ते. सारखी मान हलवत होतात. दिवे जाईपर्यंत मला गवई दिसलेच नाहीत."

मी त्यांची क्षमा मागितली.